टेपचं दुसरं टोक

"बाई, सामान हितंच ठिवा," मुकादम यल्लाप्पा म्हणाला. "आनि तुमीबी हितंच थांबा."

माझा एक पाय अजून जीपमध्ये होता आणि दुसरा चिखलात. समोर बोगद्याचं तोंड होतं. वर झेंडूची सुकलेली माळ, आत लांबवर गेलेली दिव्यांची ओळ. ज्या गोष्टीबद्दल मी दोन वर्षं नुसती पुस्तकातून वाचत होते, ती हाकेच्या अंतरावर होती.

"मी पुण्याच्या कॉलेजातून आलेय," मी म्हटलं. "खडकाचा अभ्यास करायला. ताटके साहेबांना माहीत आहे."

"अभ्यास करा की. पन बाईमानूस आत जात न्हाई. आत देवी हाय. तिला दुसरी बाई खपत न्हाई."

"आणि मी गेलेच तर?"

"तर आमी समदे भाईर येनार," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. पावसात छत्री घ्यावी लागते, हे सांगावं तसं त्याने सांगितलं.

मग कार्यकारी अभियंता ताटके साहेब आले. माणूस सभ्य होता, पण मला बघून पार गोंधळला. "पत्रात उ. बारटक्के एवढंच होतं," ते म्हणाले. "मला वाटलं उमेश असेल, उदय असेल."

"उज्ज्वला," मी म्हटलं.

"हो, आता दिसतंच आहे." त्यांनी यल्लाप्पाकडे पाहिलं, यल्लाप्पाने बोगद्याकडे पाहिलं, आणि माझ्या प्रबंधाचा निकाल तिथे उभ्या उभ्या लागला. मी आत जायचं नाही. माझी मोजमापं साहेबांचा ज्युनिअर इंजिनिअर घेईल. मी बाहेर कोअर शेडमध्ये बसायचं.

ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका धरणाचं पाणी खालच्या वीजघरात नेण्यासाठी तो बोगदा खणत होते. माझा विषय रॉक मेकॅनिक्स. आमची आई शेजारणींना सांगायची, "आमची उज्ज्वला दगड शिकते," आणि वर म्हणायची, "स्वभावाला साजेसंच आहे." विषय तसा सोपा आहे. डोंगर पोखरला की तो गप्प बसत नाही. वरचं ओझं भिंतींवर येतं आणि भिंती आत सरकू लागतात, कुठे केसभर, कुठे बोटभर. किती सरकतात, आणि सरकायच्या थांबतात की नाही, हे मोजत राहायचं. थांबल्या तर ठीक. नाही थांबल्या तर लोखंडी कमानी बसवून डोंगराला आधार द्यायचा, तोही वेळेवर.

ते मोजण्यासाठी मी कॉलेजातून एक टेप आणली होती. पोलादी, दोन्ही टोकांना हूक, एका टोकाला घड्याळासारखी तबकडी, सगळं एका लाकडी पेटीत. बोगद्याच्या दोन्ही भिंतींत समोरासमोर कडीचे बोल्ट ठोकलेले असतात. एका कडीत एक हूक, दुसरीत दुसरा, टेप ताणायची आणि तबकडी वाचायची. अडचण एवढीच की टेप पुरती ताणली जाईपर्यंत पलीकडचा हूक कडीतून निसटतो. म्हणून तिकडे शिडीवर चढून एका माणसाने तो धरून ठेवावा लागतो. एकट्याचं काम नाही.

कोअर शेड म्हणजे पत्र्याची लांबलचक खोली. डोंगरात भोकं पाडून काढलेले दगडाचे गोल दांडके तिथे पेट्यांमध्ये ओळीने निजवलेले. त्या दांडक्यांना कोअर म्हणतात. मी दिवसभर त्यांच्यात बसायची. काळा बेसॉल्ट, ठिपक्यांचा बेसॉल्ट, आणि मधेच हातभर जाडीचा गेरूसारखा लाल थर. लाल तुकडा हाताला टणक लागायचा, पण सकाळी पेल्यात पाण्यात टाकला की दुपारच्या चहापर्यंत त्याचा चिखल झालेला असायचा. असा थर बोगद्याच्या छतात आला की झोप उडते, निदान उडायला हवी.

माझी झोप वेगळ्याच कारणाने उडाली होती. मी राहत होते त्या विश्रामगृहाचा खानसामा ताट दाराबाहेर ठेवून दार वाजवायचा आणि मी उघडेपर्यंत निघून गेलेला असायचा. पाळी सुटलेले कामगार शेडसमोरून जाताना बोलणं थांबवायचे आणि पुढे गेल्यावर पुन्हा सुरू करायचे. कोणी वाईट वागलं असं नाही. वाईट वागायलासुद्धा माणूस जवळ यावा लागतो. आठवड्यातून दोनदा मी उगीच खाली फाट्यावरच्या दुकानात जाऊन काडेपेटी आणायची. शेवटी शेवटी माझ्याकडे इतक्या काडेपेट्या झाल्या होत्या की डोंगर पेटवता आला असता. स्वतःचा आवाज विसरू नये म्हणून कोअरच्या पेट्यांवरचे क्रमांक मी मोठ्याने वाचायची.

आणि संध्याकाळी घाग यायचा.

सदाशिव घाग म्हणजे तोच ज्युनिअर इंजिनिअर. चिपळूणकडचा, उंच, जरा पोक काढून चालणारा. सकाळी पेटी घेऊन जायचा आणि दिवेलागणीला परत आणायचा.

"रीडिंग आणलंय, मॅडम," दारातूनच म्हणायचा.

"बसा. चहा टाकते."

मी स्टोव्ह पेटवायची. तो रीडिंग सांगायचा, मी आलेखावर ठिपका द्यायची. ते काम दोन मिनिटांचं. त्यानंतर तो तासभर बसायचा. बशीतून फुर्र करून चहा प्यायचा आणि साहेबांच्या नकला करायचा. दगडांना त्याने नावं ठेवली होती. काळा, हातोडीला दाद न देणारा बेसॉल्ट म्हणजे ताटके साहेब. ठिपक्यांचा म्हणजे देवी निघालेला साहेबांचा मेहुणा.

"आणि हा लाल?" मी विचारलं.

"हा मी," तो म्हणाला. "वरून घट्ट. पाण्यात पडला की संपला."

मी पोट धरून हसले होते. कितीतरी दिवसांनी कोणाबरोबर हसत होते.

दर चारपाच दिवसांनी तो गेल्यावर मी पेटी उघडून टेपला तेलाचा हात लावायची. पहिली खेप सोडली तर टेप नेहमी स्वच्छ असायची. बोगद्यातून आलेली प्रत्येक वस्तू, बूट, घमेली, खुद्द यल्लाप्पा, राखाडी चिखलाने माखलेली असायची. माझी टेप मात्र लखलखीत. म्हणजे बाहेर येऊन, दमल्याभागल्या अंगाने, हा माणूस माझी टेप हातभर हातभर पुसत बसत होता. सांगत नव्हता, मिरवत नव्हता. मला ते फार भिडलं. पुण्याला एवढी माणसं होती, पण माझी वस्तू अशी कोणी जपली नव्हती. मी त्याला त्याबद्दल कधी काही बोलले नाही. बोलल्याने ते संपेल अशी भीती वाटायची. संध्याकाळी केस विंचरून बसायला लागले होते, ते मात्र खरं.

रीडिंगही छान होती. भिंती पहिल्या आठवड्यात थोड्या सरकल्या आणि मग शांत झाल्या. स्थिर खडकात आलेख कसा चढतो आणि आडवा होतो, हे मी घागला काढून दाखवलं होतं, आणि आमचा आलेख अगदी तसाच आला. लाल थर छतात आला तेव्हाही तो आडवाच राहिला. मला आश्चर्य वाटलं. मी ताटके साहेबांकडे गेले.

"साहेब, तिथे कमानी घालाव्यात असं मला वाटतं. तो दगड पाण्यात विरघळतो."

"बादलीत विरघळतो म्हणून डोंगरात विरघळेल?" ते म्हणाले. "अहो, तुमचाच आलेख सांगतोय की भिंती हलत नाहीत. तुमच्याच मोजमापावर मी कमानींचं काम पुढे ढकललंय. आता तुम्हीच त्याच्यावर विश्वास ठेवत नाही म्हणता?"

मी परत येऊन पेट्यांमध्ये बसले. त्या छताखाली यल्लाप्पाची टोळी रोज काम करत होती, आणि ती माझ्या आलेखाच्या भरवशावर.

खंडेनवमीला बोगद्याच्या तोंडाशी हत्यारांची पूजा झाली. ड्रिल मशिनं, पहारी, डंपर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू, नारळ. मी लांबून पाहिलं. मग शेडमध्ये येऊन माझी वेगळी पूजा मांडली. आपली पोटापाण्याची हत्यारं म्हणजे हातोडी, भिंग आणि ती टेप. टेपच्या दोन्ही हुकांना आतल्या वळणात कुंकू लावलं, वर झेंडूची पाकळी ठेवली. दुसऱ्या दिवशी घाग आपट्याची पानं घेऊन आला. "सोनं घ्या, मॅडम, सोन्यासारख्या राहा." मी पानं घेतली आणि चहात साखर दोनदा घातली. त्याने तो तसाच प्यायला.

सुट्टी संपली, काम सुरू झालं, रीडिंग येऊ लागली. चारपाच दिवसांनी तो गेल्यावर मी नेहमीप्रमाणे पेटी उघडली. तेलाची चिंधी हुकाकडे नेली आणि हात थांबला.

कुंकू जिथल्या तिथे होतं. हुकाच्या आतल्या वळणात, जिथे भिंतीतली कडी घासते, तिथे. दुसऱ्या हुकालाही. झेंडूची पाकळी सुकून कडेला चिकटली होती.

आधी मला वाटलं, पुसताना त्याने कुंकू सांभाळलं असेल. माणूस स्वतःला फसवायला बसला की किती हुशार होतो पाहा. लोखंडी कडीत ताणलेल्या हुकावर कुंकू राहत नाही. टेप चिखलाची नव्हती, कारण तिला चिखल लागतच नव्हता. ती आत जातच नव्हती. कोणी काही पुसत नव्हतं.

मला आधी त्या छताखालची माणसं आठवायला हवी होती. पण आधी आठवलं ते हे, की कोणी काही पुसत नव्हतं. माणसं त्यानंतर आठवली.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने बशी तोंडाला लावली तेव्हा मी विचारलं, "घाग, टेपचं दुसरं टोक कोण धरतं?"

"म्हणजे?"

"एका शिडीवर तुम्ही. समोरच्या शिडीवर कोण असतं?"

"असतो कोणीतरी. जो मोकळा असेल तो."

"आज कोण होता?"

त्याने बशी खाली ठेवली. चहा हलला, पण सांडला नाही.

"नाव सांगा त्याचं."

"माणूस देत नाहीत, मॅडम," तो खाली बघत म्हणाला. "पहिले काही दिवस दिला, लाल पट्ट्यात कड्या ठोकल्या तेव्हाही एकदा दिला. मग कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणाला, टेप धरायला आमची माणसं रिकामी नाहीत."

"मग रीडिंग कुठून येत होती?"

"आदल्या दिवसावरून. थोडं कमीजास्त करून. तुम्हीच काढून दाखवलं होतंत ना, स्थिर खडकात कसं होतं ते."

मी स्टोव्ह बंद केला.

"उद्या बाजाराचा दिवस," मी म्हटलं. "दुपारी आत कोणी नसतं."

"पंपवाला असतो."

"असू दे. खरं माप हातात असल्याशिवाय साहेब ऐकणार नाहीत. दुसरं टोक मी धरते."

"मॅडम, कोणी पाहिलं तर..."

"घाग, तिथे माणसं काम करतायत."

उठताना त्याने पेटीची कडी नीट लागली का ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आत गेलो. देवीला मी मनातल्या मनात सांगितलं, बाई, रागवायचं तर नंतर रागव, आधी मोजू दे. आत गारठा होता आणि पाण्याची बारीक टपटप. बेसॉल्ट दिसला. पेटीतल्या दांडक्यांवरून मी त्याची ओळख करून घेतली होती, जशी लग्न ठरलेल्या मुलाची फोटोवरून करतात. समोर पाहिल्यावर कळलं की फोटोत काहीच आलं नव्हतं. तो केवढा मोठा होता! मी हात लावला. एरवी मी रडत नाही, पण तिथे डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दाखवायला जवळ होता तो घाग.

लाल थराच्या पट्ट्यात पोचलो. जमिनीवर ताज्या कपच्या पडल्या होत्या. मी एका शिडीवर चढले, तो समोरच्या. मी हूक कडीत धरला, त्याने टेप ताणली. कुंकू माझ्या बोटांना लागलं. टेप आमच्यामध्ये सरळ झाली.

"वाचा," मी म्हटलं.

तो वाचेना.

"घाग, वाचा."

त्याने वाचलं. मी पुन्हा वाचायला लावलं. मग जागा बदलून मी स्वतः वाचलं. तिथल्या पहिल्या दिवसाच्या खऱ्या मापापेक्षा भिंती करंगळीच्या जाडीहून जास्त आत आल्या होत्या. माझ्या आलेखावर ते अंतर नखाएवढंही नव्हतं.

बाहेर आलो तर बाजाराची पिशवी घेऊन यल्लाप्पा उभा. त्याने माझ्या बुटांवरचा राखाडी चिखल पाहिला. "बाई," एवढंच म्हणाला. पिशवीतली भाजी तिथेच ठेवून तो टोळीच्या झोपड्यांकडे चालू लागला.

आम्ही तसेच ताटके साहेबांच्या बंगल्यावर गेलो. मी माप सांगितलं.

"आणि इतके दिवस आडवी रेघ कशी येत होती?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत घाग म्हणाला, "साहेब, आधीची रीडिंग खोटी होती. मी बसल्या जागी तयार केली. मॅडमना माहीत नव्हतं."

साहेब खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "उद्या सकाळपासून कमानी. आधी टोळीला त्या पट्ट्यातून बाहेर ठेवा."

ठेवायची गरजच पडली नाही. सकाळी कोणी आत गेलंच नाही. बाई आत गेली म्हणून बोगदा बाटला होता. सगळी टोळी तोंडाशी पागोटी सोडून बसली होती. शुद्धीसाठी भटजी आणायला जीप खाली गेली होती. साहेब चिडले, विनवण्या केल्या, शेवटी खुर्ची मागवून तेही बसले. मी शेडच्या दारात उभी होते.

दुपारी आतून आवाज आला. मोठा नव्हता. कुणीतरी लांब गोणी टाकावी तसा. मग तोंडातून धुळीचा लोट आला आणि दिव्यांची ओळ निम्म्यापासून विझली.

लाल पट्ट्याचं छत खाली आलं होतं. एरवी त्या वेळी यल्लाप्पाची अख्खी टोळी त्याच्याखाली असायची. त्या दिवशी एकालाही खरचटलं नाही.

यल्लाप्पा उठला. माझ्यापर्यंत चालत आला.

"बगितलंत बाई?" तो म्हणाला. "मी काय सांगितलं हुतं? देवी कोपली."

मी तोंड उघडलं. त्याला काय सांगणार होते? टेप, हूक, करंगळीएवढं अंतर? तो जिवंत होता, त्याची माणसं जिवंत होती, आणि त्याचं म्हणणं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खरं ठरलं होतं. मी म्हटलं, "हो, यल्लाप्पा." तो मान हलवून परत गेला.

ताटके साहेबांनी मला बोलावलं. "मिस बारटक्के, तुमचं माप बरोबर होतं," ते म्हणाले. "पण ते मी या लोकांना पटवू शकत नाही. आणि तुम्ही इथे असेपर्यंत ते आत पाऊल टाकणार नाहीत."

"कळलं," मी म्हटलं.

घागला त्याच दिवशी निलंबित केलं होतं. तरी तो दुसऱ्या दिवशी फाट्यावर मला सोडायला आला. माझी पेटी त्यानेच खांद्यावरून आणली होती. दुकानदाराने मला सवयीने काडेपेटी पुढे केली, मी नको म्हटलं. बसला अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो, मध्ये पेटी.

"एक विचारू?" मी म्हटलं. "माणूस मिळत नाही, हे पहिल्याच दिवशी मला का नाही सांगितलंत? मी साहेबांशी भांडले असते. नाहीतर मोजणं बंद केलं असतं."

"म्हणूनच," तो म्हणाला.

"म्हणूनच म्हणजे?"

"बंद केलं असतंत तर संध्याकाळी यायला काय निमित्त राहिलं असतं?" तो रस्त्याकडे बघत होता. "माझी खोली धरणाच्या स्टाफ कॉलनीत टोकाला आहे, मॅडम. बाकी सगळे बायकामुलांचे. तिकडे कोणी येत नाही, मी कोणाकडे जात नाही. तुम्ही रीडिंगची वाट बघत बसलेल्या असायचात. रिकाम्या हाताने कसा येणार होतो?"

बस आली. त्याने पेटी टपावर न टाकता आत माझ्या पायाशी ठेवली आणि खाली उतरला. खिडकीशी येऊन उभा राहिला. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी रीडिंगची वाट कधीच पाहिली नव्हती. रोज दिवेलागणीला दोन कप मांडून मी कशाची वाट बघत होते, हे एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि कंडक्टरने घंटी मारायला बराच उशीरही केला. पण ते सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं की मी त्याला माफ केलं. आणि मी केलं नव्हतं. अजूनही केलेलं नाही.